डावी गाठ

अहो, त्या खुर्चीवर नका बसू मॅडम, ओली आहे ती अजून — वेत वाळायला दोन दिवस लागतात, आत्ता बसलात तर मधोमध खड्डा पडेल आणि तुमच्या फॉर्मात खड्ड्याला रकाना नसेल. इकडं बसा. हं. तर काय म्हणालात, कारखान्याचा मालक कोण? पाटी वाचून आलात ना वर? पाटीवर माझं नाव, दाखल्यावर माझं नाव, विजेच्या बिलावर माझं नाव, मग मालक काय खालचा न्हावी असणार? विचारावं लागतं म्हणता. विचारा. तीन वर्षांपूर्वी एक साहेब आले होते, त्यांनीही हेच विचारलं, मग ह्या भिंतीचा फोटो काढला आणि गेले. भिंत तीच आहे. पोपडे तेवढे वाढलेत.

तुम्ही कशाला आलात ते मला ठाऊक आहे, उगीच गोल गोल नको. अल्पसंख्याकांच्या मालकीचा उद्योग — बरोबर म्हटलं ना? — त्या दाखल्याची मुदत संपली. तुम्ही आज ‘ठीक’ लिहिलंत तर आणखी तीन वर्षं दाखला, आणि दाखला असला तर कोर्टाच्या दोनशे चाळीस खुर्च्या विणायला आमच्याकडं. ‘ठीक नाही’ लिहिलंत तर खुर्च्या गेल्या, आणि खुर्च्या गेल्या की हे दुकान गेलं, कारण घरात वेताची खुर्ची ठेवतो कोण आता? प्लास्टिक मिळतं की. तेव्हा विचारा काय विचारायचं ते, मी बसलोय.

पण एक गंमत सांगू? माझ्या बापानं वेत विणण्याखेरीज जन्मभर एकच काम चोख केलं — आपण कोण आहोत ते लपवलं. आडनावाचा शेंडा छाटला, बोलण्यातला हेल मोडला, घरातली भाषा उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नाही. का, तर गिऱ्हाईक म्हणायचं, त्यांच्या हातची खुर्ची आमच्या दिवाणखान्यात नको. आणि त्याच बापाच्या पोराला तुमचं खातं म्हणतं, सिद्ध करा! तीन पिढ्यांचा पुरावा आणा! अहो, पुरावा राहू नये म्हणून तर तो माणूस झिजून मेला! शेवटी आमच्या समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत त्यांच्याकडं गेलो — तोंडात दात नाही पण ऐट विचारू नका — ते मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, तुला मी आपल्यातला असा कधी धरलाच नाही. म्हटलं, धरू नका, सही करा. केली. तुमच्या फायलीत पहिलाच कागद तो. म्हणजे जन्मभर ज्यानं मला ओळख दिली नाही, त्यानं मी कोण ते लिहून दिलं, आणि तुम्हाला ते पटलं. छान चाललंय.

मग ते तुमच्या खात्याचं उद्योजक शिबिर. तुम्ही नव्हता ना त्याला? सुटलात. स्टेजवरच्या पोरानं ‘आमचे उद्योजक’ म्हणून हाक मारली, मी मागं वळून बघितलं कोण आलंय ते. एक पिशवी दिली, एक वही दिली, आणि विचारतो कसा, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता? म्हटलं, बाबा रे, सत्तरीला आलोय, पाच वर्षांनी मी जमिनीखालून बघेन. सगळे हसले, तो नाही हसला, त्यानं फळ्यावर काहीतरी लिहिलं. मग माहितीपत्रकासाठी माझा फोटो — डोक्यावर हेल्मेट घालून! खुर्ची विणायला हेल्मेट! म्हणे उद्योग वाटला पाहिजे. आणि त्याच सुमाराला सहा महिने धड वेत मिळेना बाजारात, नुसता चिरफळणारा माल, त्याबद्दल एक अक्षर नाही कुणाकडून. वेत नाही, हेल्मेट आहे.

हसताय? हसा. आणखी ऐका. आमच्या ह्या रस्त्याच्या टोकाला ते मोठं फर्निचरवाल्यांचं दुकान आहे ना, काचेचं, तीन मजली — ते काही आमच्यातले नव्हेत, तुमच्यातले, पुष्कळांतले. पण दाखला त्यांच्याकडं पण आहे! कसा? त्यांचा वॉचमन आमच्यातला. तपासणीच्या दिवशी त्याला शेठचा कोट चढवला, केबिनमध्ये बसवला, समोर दोन टेलिफोन. कोटाच्या बाह्या बोटांच्या खाली येत होत्या बिचाऱ्याच्या. तपासणारा साहेब आत आला तर हा सवयीनं उठून उभा राहिला आणि सलाम ठोकला. मालकानं! साहेबांना! आणि पास झाला तो. शेरा काय, तर ‘मालक अत्यंत नम्र आहेत’. दुसऱ्या दिवशी नम्र मालक पुन्हा दारात, स्टुलावर. असल्या लोकांची मला किळस येते मॅडम, स्पष्ट सांगतो. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं, आणि सरकारच्या डोळ्यांत धूळ. सरकारच्या डोळ्यांत आधीच इतकी आहे की नवी कुठं टाकायची हा प्रश्न, ते सोडा.

नाही — काही उपयोग नाही झाला असं नाही म्हणत मी. खोटं कशाला बोलू. पूर्वी कोर्टाच्या खुर्च्या त्या काचेवाल्याकडंच जायच्या, तो रात्रीतून आमच्याकडं पाठवायचा, आणि विणून परत गेल्या की खाली स्वतःचा शिक्का मारायचा. आता सरळ येतात. कोर्टातला शिपाई मला नमस्कार करतो. बापाला कधी कुणी केला नाही. झालं समाधान? लिहा, लाभार्थी समाधानी आहेत म्हणून.

काय? आत कोण आहे? कोणी नाही. मांजर आहे.

…हो, मांजर नळ बंद करत नाही, तेही खरंच. सून आहे माझी. तिला सांगितलं होतं नळाला हात लावू नकोस, पण वेत सुकला तर तिच्या जिवाचं पाणी होतं, राहवत नाही तिला. मुलगा? आमचे चिरंजीव जहाजावर गेले. पहिल्या वर्षी दोन पत्रं, दुसऱ्या वर्षी एक, तिसऱ्या वर्षी कुणीतरी येऊन सांगितलं की तिकडं दुसरा संसार मांडलाय. संपलं. त्याचा विषय नको. ही राहिली. जाणार कुठं, तिच्या बापानं लग्नाच्या दिवशीच दार लावलं — कारण ती त्यांच्यातली. तुमच्यातली हो, मॅडम! पुष्कळांतली! त्यांनी दार लावलं आणि आम्ही काय उघडलं? मी तर चार वर्षं तिच्याशी एक शब्द बोललो नाही. हे लिहू नका. ताट पुढं यायचं, मी जेवायचो, ताट मागं जायचं. आमच्या मंडळाच्या यादीत तिचं नाव नाही, त्यांच्या घरात तिचं नाव काढत नाहीत. तुमच्या हिशेबात ती मोजायची कुठं, सांगा ना? पुष्कळांत म्हणता? पुष्कळांतलं एक माणूस आठ वर्षांत ह्या जिन्यावर आलेलं नाही तिला भेटायला.

काम? काय काम करणार, घरचं बघते. स्वयंपाक, झाडलोट. वेत भिजत घालते. घालते म्हणजे, निवडते आणि घालते — जाड वेगळा, पातळ वेगळा, ते निवडायला नजर लागते म्हणा, कुणाचंही काम नाही ते. कोर्टात मापं घ्यायला तीच जाते, मला जिने चढवत नाहीत. व्यापाऱ्याशी भांडते पण तीच. मी भांडायला लागलो की धाप लागते. पण निर्णय माझा हं! मी सांगतो जा, की ती जाते. कधी कधी आधी जाते, मग मी सांगतो. घर म्हटल्यावर असं थोडं पुढंमागं व्हायचंच. तुमच्याकडं होत नाही?

बरं, पुढं. अकरावा प्रश्न. ‘मालकाने स्वतःच्या हाताने तयार केलेल्या मालाचे तीन नमुने.’ घ्या की! हे काय, समोर ओळीनं ठेवल्यात. ही एक, ही एक, आणि ती खिडकीजवळची. बघा ती वीण. उभा ताणा, आडवा, परत उभा, परत आडवा, मग दोन तिरपे — सहा फेऱ्या, आणि मग कडेची पट्टी. आठकोनी डोळे पडतात ते मोजून बघा, एक डोळा वाकडा सापडला तर दाखला फाडा माझा. न्यायाधीश बसले तर त्यांनाही न्याय सुचेल अशी वीण आहे. काय — हात? हात खिशातच असतात माझे, थंडी वाजते. वाजते हो मला, उकाड्यात पण वाजते, म्हातारा आहे मी. दाखवू? बघा. बघितलेत? झालं? ही दोन बोटं आत वळलीत ती तीन वर्षांपूर्वी. म्हणजे साधारण — दाखला मिळाला त्याच सुमाराला. अंगठा चालतो अजून. अंगठ्यावरच चालतंय की सगळं तुमच्या सरकारचं.

थांबा, उलटी कशाला करताय खुर्ची? फोटो वरून काढा. खालून पण लागतो? कुणी घातलाय हा नियम? अहो, खालून काय बघायचं असतं… राहू दे. राहू दे तशीच. केलीत ना उलटी.

काही नाही. काही झालं नाही मला. पाणी नको.

हे बघा मॅडम, आमच्या धंद्यात एक आहे. वरून सगळ्यांची वीण सारखी दिसते, दिसलीच पाहिजे. पण शेवटचा पेड जिथं संपतो ना, खाली, ती गाठ ज्याची त्याची असते. माझ्या बापाची दुहेरी, माझी एका वेढ्याची. जुनी खुर्ची नव्यानं विणायला आली की आधी उलटी करायची, गाठ बघायची, आणि ज्याची असेल त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. मग कात्री लावायची. मेलेला असला तरी घ्यायचं. आणि दुसऱ्याची गाठ आपली म्हणायची नाही. खून परवडला. माझा चुलता होता, चांगला कारागीर, एका बाईला खूष करायला भावाची खुर्ची स्वतःची म्हणून दाखवली. वीस वर्षं आमच्यातलं कुणी बोललं नाही त्याच्याशी. त्याच्या मयताला चौघं मिळेनात, भाड्यानं आणली. तुम्हाला हे पोरखेळ वाटेल. तुमच्या कागदावर मी काय काय खोटं लिहिलंय त्याची मला काही लाज नाही, कागद तुमचे आहेत, तुम्ही खोटं मागता आम्ही देतो. पण हे कागदावरचं नाही ना.

हे शेपूट बघा गाठीचं. कुठल्या बाजूला आहे? डावीकडं. आमच्यात कुणाचंच डावीकडं पडत नाही. ती डावखुरी आहे.

शिकवलं नाही हो मी! मी कशाला शिकवतोय! त्या चार वर्षांतली गोष्ट, दारातून बघायची ती, मी पाठ फिरवून बसायचो. एक दिवस अर्धी सोडलेली बैठक सकाळी पुरी झालेली. मी तिच्या देखत उसवली. सगळी. सहाच्या सहा फेऱ्या, एकेक पेड ओढून. ती उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी परत पुरी. परत उसवली. काय माणूस होतो मी, बघा. तिसऱ्या दिवशी चूक शोधायला बसलो, भिंग घेऊन, आणि चूक मिळेना. मग उलटी केली, तर ही गाठ. कुणाची नक्कल नाही — माझी नाही, बापाची नाही, तिची. आणि दुसऱ्याची गाठ उसवत नाहीत. मग नाही उसवली. त्या दिवशी पहिल्यांदा बोललो तिच्याशी. काय बोललो? म्हटलं, कडेची पट्टी ढिली आहे. नव्हती ढिली.

आमच्यातला एक पोरगा वेताला हात लावत नाही मॅडम. अध्यक्षांचा नातू फोन विकतो. हे कसब आमचं म्हणून तुम्ही योजना काढली, आणि ते कसब उरलंय कुणाच्या हातात, तर हिच्या. आणि ती तुमच्या रकान्यात बसत नाही.

काय म्हणालात? फक्त हो म्हणू? एवढंच? ‘काका, तुम्ही फक्त हो म्हणा, मी टिक करते’ — काका झालो का? मगाशी अर्जदार होतो. नाही, मनानं चांगल्या आहात तुम्ही, कळतंय मला. ते आधीचे साहेब असते तर खुर्ची उलटी केलीच नसती, आणि हा प्रश्नच नसता आला. हो म्हणायला काय लागतं. दोन अक्षरं नाहीत, एकच आहे. दोनशे चाळीस खुर्च्या आहेत एका अक्षरात. मी… हे बघा, मी तर तुम्हाला आल्या आल्या म्हणालोच होतो, नाही का, की पाटीवर माझं —

अगं! तुला कुणी बोलावलं बाहेर? आत जा. जा म्हणतो ना. ओले हात घेऊन आलीस ती. मॅडम, ही ती. नाही, तू नको बोलूस, मी बोलतोय. मी —

ऐकलंत? ऐकलंत काय म्हणाली? ‘मामंजींनीच विणल्यात तिन्ही.’ किती सहज! डोळ्याला डोळा भिडवून! आणि शेपूट डावीकडं का, तर म्हणे बोटं वळल्यापासून ते डाव्या हातानं करतात. कधी जुळवलंस गं हे? आत बसून? तुला कळतंय का तू काय बोललीस? स्वतःच्या हाताची गाठ — काय? हो, मला मोजता येतं, दोनशे चाळीसच आहेत. हो, माहीत आहे, दुसरं काम नाही. भाडं, औषध, सगळं माहीत आहे. मग? म्हणून तू तुझं नाव पुसणार? खोटं बोलतेय ती, मॅडम. लिहू नका. हे तिचं खोटं आहे, माझ्यासाठीचं. मी चार वर्षं तोंड फिरवून बसलो ना, त्या माणसासाठी बोलतेय ती हे खोटं.

अहो, टिक केलीत पण? तिच्या सांगण्यावरून? वा! मी नाही म्हणतोय ते चालत नाही, ती म्हणते ते चालतं — म्हणजे इथं शब्द कुणाचा चालतो ते तुम्हालाही दोन मिनिटांत कळलं की! आणि मी तिला आत कोंडली होती सकाळपासून. कडी लावून नाही, पण तसंच. खोकायचं नाही, नळ सोडायचा नाही. त्या काचेवाल्यानं निदान वॉचमनला खुर्चीत तरी बसवलं होतं. मी तिला घरातल्या घरात मांजर केली. शरम वाटते मला. बघू नको माझ्याकडं असं, वाटते शरम, त्यात काय.

द्या ते पेन इकडं. द्या हो, चावत नाही मी. सही येत नाही ह्या बोटांनी धड, पण रेघ ओढता येते. ही… अशी. गेली टिक. आता लिहा तुमच्या हातानं, माझं अक्षर नीट येणार नाही — तिन्ही खुर्च्या सुनेनं विणल्या. तिन्हीच नाही, गेल्या तीन वर्षांतल्या सगळ्या. मग दाखला नाकारतील? नाकारू देत. वर कळवावं लागेल? कळवा. आधीच्या तीन वर्षांची चौकशी? या की, तेव्हा पण चहा नाही विचारणार. काय करायचं ते मला करा, अर्ज माझा आहे. तिनं फक्त खुर्च्या विणल्या, आणि त्या कशा विणल्या ते तुम्ही बघितलंय.

तू गप गं. काही उपाशी मरत नाही आपण. तो न्हावी कधीचा म्हणतोय चार खुर्च्या विणून हव्यात, त्या आणू. शाळेची बाकं आहेत. त्या काचेवाल्याकडं पण जाऊ पाहिजे तर, पण शिक्का नाही मारू द्यायचा त्याला खाली. बस. बस ना खाली, वेत वाळून कडक होईल नाहीतर. ती कोपऱ्यातली ओढ, अर्धी राहिलेली. सरक जरा. खुंट्या दे माझ्याकडं, तू पेड ताण, मी भोकात खुंटी धरतो — अंगठ्यानं येतं तेवढं मला. ही? बरं, ही आधी. तू सांगशील तशी.

मॅडम, तुम्ही अजून उभ्याच? निघा आता. उजेड अडवताय तिचा.